लोत्फीची पूड

रमजानच्या अकराव्या दिवशी सकाळी मला पाळी आली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणून दुपारी मी इल्यासच्या बाटलीची चव घेतली. एरवी घेतली नसती. रोजे सुरू होण्याआधी प्रत्येक बाटलीचे दोन थेंब मी मनगटावर पाडायची आणि जिभेने टिपायची. फार ऊन आहे का, नासलं आहे का, साबणाचा वास उरला आहे का, सगळं त्या दोन थेंबांत कळायचं. चंद्र दिसला तेव्हापासून थेंब पाडायचे आणि फडक्याला पुसायचे, एवढंच राहिलं. स्वयंपाक करणारीने जिभेवर घेऊन थुंकलं तर चालतं असं सासू म्हणते, पण मला गिळलं जाईल अशी धास्ती वाटते. त्या दुपारी पाळीमुळे माझा रोजा नव्हता आणि घरात कुणाला ते सांगायचंही नव्हतं. फ्रिजच्या दाराआड उभी राहून, चोरासारखं, मी मनगट चाटलं. दुधाचा गोडवा नव्हता तो. दातांच्या मुळाशी जाऊन चावणारा गोडवा होता, त्याच्या मागे व्हॅनिला, आणि व्हॅनिलाच्या मागे पत्र्यासारखं काहीतरी. ही चव मला पाठ होती. माझ्या नवऱ्याच्या तोंडाला ती येते. तो तोंड जवळ आणतो तेव्हा आधी ती चव येते आणि मग तो. मी बाटली उजेडात धरली. वर बोटभर फेस होता आणि तो बसत नव्हता. चार दिवस बसत नव्हता. चार दिवस मी त्या फेसाकडे बघत होते, बाटली टेकवून थांबत होते, आणि तरीही पाजत होते.

लोत्फी विजेच्या खात्यात तारांची कामं करतो आणि उरलेला सगळा वेळ सायकल चालवतो. ईदनंतर चार दिवसांची शर्यत होती, डोंगर ओलांडून दक्षिणेला, पावणेसहाशे किलोमीटर. त्यासाठी त्याला प्रोटीनची पूड लागायची आणि आमच्या गावात, ब्लिदात, मिळणाऱ्या पुडीवर त्याचा विश्वास नव्हता. ती त्याचा मावसभाऊ मुराद मार्सेहून बोटीने आणायचा. बंदरावर तसल्या पुडीचे डबे अडवतात, शंभर प्रश्न विचारतात. तान्ह्या मुलांच्या दुधाला मात्र कुणी हात लावत नाही. म्हणून मुराद तिकडेच पूड दुधाच्या डब्यांत भरायचा, वरचा चांदीचा कागद इस्त्रीने पुन्हा चिकटवायचा. गेल्या खेपेला आमच्या बैठकीत पाय पसरून त्याने हसत सांगितलं होतं, "साहेब म्हणाला, एवढं दूध? किती पोरं आहेत रे तुला? म्हटलं, सात. सगळी सायकल चालवतात, भूक फार लागते." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, इल्यासला मांडीवर घेऊन. ओळखायला म्हणून लोत्फी आपल्या डब्यांच्या झाकणावर हँडलला गुंडाळायच्या काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा. इल्यासचा डबा आणि त्याचा डबा, दोन्हींवर तेच गुबगुबीत बाळ होतं.

त्याच्या तोंडी सतत मारामारीचीच भाषा. त्या चढावर मी त्याला मारून टाकला. शेवटच्या पाच किलोमीटरला सगळ्यांची कत्तल केली. स्वतःच्या मांड्यांबद्दलही तसंच बोलतो: चढावर स्नायू फाटतात, वहीबा, अक्षरशः फाटतात, आत हजार ठिकाणी चिरा पडतात, मग त्या शिवायला धागा लागतो, तो धागा म्हणजे ही पूड. उतरल्यापासून तासाभराच्या आत एक मात्रा. झोपण्याआधी हळू पचणारी दुसरी. रमजानात ते सगळं सूर्यास्त आणि पहाटेच्या मध्ये कोंबायचं. मग खायच्या ताटावर बसूनही तो जेवत नसे, मापत असे. लल्ला बायाने, माझ्या सासूने, सकाळपासून ढवळलेला शोरबा निवत असे आणि तो काट्यावर पूड तोलत असे, त्याचे तासलेले, बिनकेसांचे पाय टेबलाखाली थरथरत असत आणि पोटरीवरची शीर दोरीसारखी वर आलेली असे. मला त्या शिरेची भीती वाटायची. ती फुटली तर भिंतीपर्यंत रक्त उडेल असं मला जेवताना वाटायचं. आणि गेले चार दिवस तो चिडलेला होता. पायांत जीव नाही म्हणत होता. "मुरादने भेसळ आणलीय. ही पूड घट्टच होत नाही, नुसती गोड लागते." आदल्या दिवशी रोजा सोडल्यावर त्याने पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि पेला भिंतीवर हाणला. पांढरा ओघळ टाइल्सवरून खाली आला. मी तो पुसला. पुसताना मला बाळाच्या दुपट्याचा वास आला होता, आणि मला वाटलं माझ्याच हातांचा येतोय.

बाटली मोरीत ओतली. मग खुर्ची ओढून लोत्फीच्या खोलीतल्या फळीवरचा उघडा डबा काढला, आत बोट घातलं आणि चाटलं. दूध. मऊ, फिकं, माझ्या मुलाचं दूध. दोघांचेही नवे डबे चार दिवसांपूर्वीच उघडले होते. चार दिवस बाप मुलाचं दूध प्यायला होता आणि मुलाला बापाच्या फाटक्या मांड्या शिवायचा धागा पाजला होता, दिवसातून पाच वेळा, मी, माझ्या हाताने, मापाने. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. कुणी मला काही समजावून सांगायची गरज नव्हती. सात महिन्यांच्या मुलाची मूत्रपिंडं अक्रोडाएवढी असतात. एवढं प्रोटीन बाहेर टाकायला त्यांना पाणी लागतं, ते शरीरातून ओढतात, मग मूल तहानतं, रडतं, मग आई बाटली देते, बाटलीत तेच, मग आणखी तहान. चार दिवस तो अधाशासारखा पीत होता आणि लल्ला म्हणत होती, बघ, बापावर गेलाय. चार दिवस मी लंगोट मोजत होते, सहाचे चार झाले, चाराचे दोन, आणि आज सकाळपासून एकही नाही. मी मोजत होते. मोजणं म्हणजे लक्ष ठेवणं असं मला वाटत होतं.

लल्ला दारात उभी होती, हाताला पीठ.

"खुर्चीवर काय चढलीस? काही हवं होतं तर मला सांगायचं."

"लल्ला, या डब्यांवर काळ्या पट्ट्या होत्या ना?"

"होत्या. चिकट, घाण. रमजानच्या तोंडावर सगळी फडताळं धुतली तेव्हा चाकूने खरवडून काढल्या. नव्या बश्यांशेजारी तसलं ठेवू?" मग ती जवळ आली. "तोंड का असं झालंय तुझं?"

"इल्यासच्या डब्यात लोत्फीची पूड आहे. चार दिवस मी तीच पाजतेय."

"ताकदीचीच आहे ना ती?" ती म्हणाली. "ताकदीने कुणी मरत नाही, पोरी." पण हे म्हणताना तिने पिठाचा हात भिंतीला टेकला आणि तो तिथे तसाच उमटला.

मी आतल्या खोलीत गेले. इल्यास जागा होता. रडत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या जरा बाजूला, कानाच्या पलीकडे. ओठांना पांढरी साल आली होती. पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती मळलेल्या कणकेसारखी तशीच राहिली. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं की कुणाला तरी मारायला हवं, आधी, दवाखान्याच्याही आधी, नाहीतर माझे हात मुलाला धरू शकणार नाहीत. लल्ला बुरखा घ्यायला गेली तेवढ्यात मी ओट्यावरचा पितळी बत्ता उचलला आणि बैठकीत, घरातच चालवायला रोलरवर चढवून ठेवलेल्या त्याच्या दुसऱ्या सायकलच्या मधल्या नळीवर मारला. एकदाच. ती काळी नळी कोंबडीच्या हाडासारखी मोडली, आत पोकळ होती. मग माझे हात शांत झाले आणि मी इल्यासला उचललं.

टॅक्सीत लल्ला पुढे बसली, मी मागे. लोत्फीचा फोन लागत नव्हता. दोन वाजता तो श्रेआच्या चढावर निघाला होता आणि वरच्या देवदारांत फोन कधीच लागत नाही. तो रस्ता मला आवडत नाही. माझ्या वडिलांची बस त्याच डोंगररांगेतल्या एका रस्त्यावर अडवली गेली आणि ते परत आले नाहीत, मी तीन वर्षांची असताना. सैनिकांच्या कपड्यांतली माणसं होती, नाका खरा दिसत होता, हातात कागद तपासायची बॅटरीसुद्धा खरी होती. मागे राहिलेल्या एका बाईने नंतर आईला सांगितलं की त्यांच्या पायांत बूट नव्हते, खेळायचे कापडी जोडे होते. एवढंच खोटं होतं, पायांत. मग आईने मला वाढवलं ते याच एका वाक्यावर: वरचं सगळं खरं दिसतं, तू खाली बघ. मी आयुष्यभर खाली बघत आले. शाळेच्या फाटकातल्या पहारेकऱ्याचे पाय, गॅसवाल्याचे पाय, लग्नाची बोलणी करायला आलेल्या लोत्फीचे पाय. डब्यावरचं बाळ खरं होतं, कागद खरा होता, डब्याला पाय नसतात. मांडीवर इल्यास उष्ण आणि हलका होता, जसा एखादा दगड उन्हात तापून हलका वाटतो. त्याने एक आवाज काढला, बारीक, वरच्या पट्टीतला, मांजराचा असतो तसा. तो आवाज त्याचा नव्हता.

बाजाराच्या तोंडाशी सगळं अडलं. भाकरीच्या गाड्यापुढे दोन माणसं एकमेकांना मारत होती. सूर्यास्ताला चार तास उरले की गावाला असं होतं, रोजा डोक्यात जातो; बिडीवाचून, कॉफीवाचून माणसं दुसऱ्याच्या आरशाला धक्का लागला म्हणून गाडीतून उतरतात. एकाने दुसऱ्याची मान गाडीच्या दारात धरली होती आणि दार लावत होता, उघडत होता, लावत होता. भोवती वीस माणसं, अरे रमजान आहे, अरे रोजेदार आहात, म्हणत उभी, आणि कुणी हात लावत नव्हतं. रक्त भाकरींवर उडलं होतं. मी ते बघत होते आणि मला ते बघवत होतं. दार लागताना होणारा आवाज मला पाहिजे तसा वाटत होता. टॅक्सीवाला म्हणाला, "खाला, हे मिटेपर्यंत काही जाता येणार नाही." लल्ला खाली उतरली. चार फूट आठ इंच, गुडघे गेलेली बाई. तिने हातातल्या पिशवीने दार लावणाऱ्याच्या कानावर एक दिली, त्या पिशवीत घराच्या किल्ल्या आणि इल्यासचे कागद होते, आणि म्हणाली, "माझा नातू मरतोय. तुमचं नंतर करा." तो कान धरून बाजूला झाला. "माफ कर, यम्मा," म्हणाला, अगदी लहान आवाजात. ज्याची मान सुटली होती त्यानेच आमच्या गाडीपुढची हातगाडी ओढून बाजूला केली, हनुवटीवरून रक्त गळत होतं तसाच.

मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिने इल्यासला पाहिलं, कातडीची चिमटी घेतली, टाळूवरच्या खड्ड्यात बोट ठेवलं. मी सांगितलं, मधे न थांबता, वैज्ञानिक प्रयोगाचा अहवाल द्यावा तसं: किती मापं, किती पाणी, किती दिवस. ती लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं आता ती मला मारेल. मला ते चाललं असतं. सुई शिरायला चार वेळा टोचावं लागलं, हाताला, पायाला, शेवटी डोक्याला. नर्सने ब्लेडने त्याचे कानामागचे केस काढले, ते काळे केस माझ्या बाहीला चिकटले. रक्ताचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली.

"नीट ऐका," ती म्हणाली. "त्याच्या रक्तात मीठ फार वाढलंय. मेंदूच्या पेशींना त्याची सवय झालीय. आता पाणी एकदम दिलं तर ते सगळं मेंदूत शिरेल. मेंदू सुजेल. झटके येतील. पुढचं मी बोलत नाही. मीठ हळू खाली आणायचं. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस."

"सलाईन मी सोडेन थेंबाथेंबाने. तोंडाने दर दहा मिनिटांना पाच मिलिलिटर, या सिरिंजने. पाच. तो मागेल. तुमचा जीव तुटेल. तरी पाचच."

तो मागत होता. सलाईन लागल्यावर अर्ध्या तासात त्याच्यात एवढीच ताकद आली, मागण्याएवढी. सुकलेली जीभ बाहेर यायची, आत जायची, ओठ काहीतरी पकडायला पुढे व्हायचे. सिरिंज दिसली की तो सगळा तिच्याकडे ताणला जायचा. पाच मिलिलिटर म्हणजे एक चमचा. मग मी ती काढून घ्यायची. मग तो मांजराचा आवाज, नऊ मिनिटं. मी सकाळी गुपचूप पाणी प्यायले होते, पोट भरून, नळाखाली तोंड लावून. माझ्या भोवतीच्या त्या खोलीत सगळे तहानलेले होते, लल्ला, नर्सा, समोरच्या खाटेवरच्या मुलीचा बाप, सगळ्यांचे ओठ सुकलेले, आणि एक मीच प्यायलेली होते, आणि पाणी माझ्याच हातात होतं. दर दहा मिनिटांना मी त्याला चमचाभर देत होते आणि उरलेला वेळ त्याला तहानेने मारत होते. त्याने मधेच एकदा रडणं थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं, आता कानाच्या पलीकडे नाही, डोळ्यांत. त्याला कळलं होतं कोण देत नाही ते.

पावणेसहाला मी प्रयोगशाळेचा कागद आणायला गेले. जाताना सिरिंज लल्लाच्या हाती दिली आणि म्हटलं, मी येईपर्यंत काही देऊ नका. परत आले तेव्हा खाटेवर लोत्फी वाकलेला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं असणार; तो सायकलवरूनच आला होता, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे, पन्नास किलोमीटर आणि चौदा तास घशाखाली एक थेंब नाही. सूर्यास्ताच्या मिनिटाला प्यायची म्हणून सायकलला लावलेली पाण्याची बाटली त्याच्या हातात होती आणि तिची तोटी इल्यासच्या तोंडात होती. इल्यास ओढत होता. घसा खाली-वर होत होता, ढक, ढक, ढक. लल्ला बाजूला उभी होती, सिरिंज छातीशी धरून. तिने मला पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं.

टेबलावर नर्सचा स्टीलचा ट्रे होता. तो माझ्या हातात कसा आला मला आठवत नाही, पण लोत्फीच्या दातांवर तो आपटल्याचा आवाज आठवतो, आणि त्याआधी एक स्वच्छ क्षण आठवतो ज्यात मला माहीत होतं की मी कडेने मारतेय, सपाट बाजूने नाही. बाटली खाली पडून गडगडत गेली. त्याच्या वरच्या ओठाचे दोन तुकडे झाले. मी पुन्हा मारलं, खांद्यावर. तिसऱ्या वेळी त्याने माझी दोन्ही मनगटं पकडली आणि ट्रेसकट बोटं पिरगाळली, त्या तारा ओढणाऱ्या हातांनी, आणि माझ्या बोटांतलं काहीतरी कटकन सरकलं.

"तो पाणी मागतोय," तो म्हणाला. रक्तामुळे शब्द बुडबुड्यांसारखे येत होते. "सात महिन्यांचं पोर पाणी मागतंय आणि तुम्ही दोघी बघत बसल्याय. त्याला कसला आलाय रोजा?"

"पाण्याने मरेल तो. मेंदू सुजेल त्याचा. किती पाजलंस?"

"काय?"

"किती पाजलंस? किती घोट?"

त्याने माझे हात सोडले. आईकडे पाहिलं. "मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मी सांगत होते," लल्ला म्हणाली. "तू ऐकलंस कधी? दारातून शिरलास ते थेट बाटली घेऊन."

नर्स दोन खाटा ओलांडून आली. तिने ट्रे उचलला, पुसला, जागेवर ठेवला. "डॉक्टरला बोलावते," ती म्हणाली. "आणि तुम्हाला एकमेकांना मारायचं असेल तर खाली रस्ता आहे. तिथे आज भरपूर लोक तेच करतायत."

डॉक्टरीण आली, बुबुळांवर उजेड टाकला, सलाईनची चकती फिरवून थेंब आणखी हळू केले. तीन-चार घोट असतील, ती म्हणाली, जास्तही असतील. आता झटका येतो का ते बघायचं, एक तास, दीड तास. दुसरं काही करता येत नाही. लोत्फीच्या ओठाला तिने बोट न लावता नुसतं पाहिलं, आणि माझ्या हाताकडे.

मग आम्ही तिघं त्या खाटेभोवती बसलो आणि इल्यासच्या हातापायांकडे बघत राहिलो. झटका कसा सुरू होतो हे मी वाचलेलं आहे. अंगठ्यापासून. ओठाच्या कोपऱ्यापासून. डोळे एका बाजूला ओढले जातात. तो डोळे हलवायचा आणि मी त्याच्यावर वाकायची. त्याने अंगठा मुठीत धरला, सोडला. लोत्फी जमिनीवर उकिडवा बसला होता, ओठाला कापूस, कापूस लाल होऊन काळा झालेला. मी त्याच्याकडे बघत नव्हते, पण तो कुठे आहे ते मला अंगभर कळत होतं, जसं काळोखात जिना कुठे संपतो ते पायाला कळतं. आणि मला लाज वाटत नव्हती, हेच मला सारखं जाणवत होतं. मी वाट बघत होते लाजेची, ती येतच नव्हती. उलट ट्रेच्या त्या आवाजाशी माझं मन पुन्हा पुन्हा जाऊन बसत होतं, गरम दगडावर मांजर बसावं तसं. झटका आला असता तर मी त्याला ठार मारलं असतं. हे मी रागाने लिहीत नाही. तेव्हाही मला राग नव्हता. ते ठरलेलं होतं, औषधाची वेळ ठरलेली असते तसं. मी जागासुद्धा पाहून ठेवली होती, कानामागे, हेल्मेट काढल्यावर जिथे त्याचे केस घामाने चिकटले होते.

"मला पायांवरून कळायला हवं होतं," तो मधेच म्हणाला, जमिनीशी बोलल्यासारखा. "चार दिवस पाय मेलेले. मी मुरादला शिव्या दिल्या."

"मला फेसावरून," मी म्हटलं.

लल्ला म्हणाली, "पट्ट्या मी काढल्या. मीच काढल्या. आता गप्प बसा दोघं, तो ऐकतोय."

अजान झाली. खोलीत भांड्यांचे आवाज सुरू झाले. समोरच्या मुलीच्या बापाने आमच्यापुढे खजूर आणि ताकाची पिशवी ठेवली. नर्सा आपल्या खोलीत गेल्या. लल्लाने खजूर तोंडात घातला आणि तो चघळता चघळता रडायला लागली, आवाज न करता, बी गालात धरून. लोत्फीने पाण्याचा ग्लास उचलला, ओठाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"पी," लल्ला म्हणाली. "नाटकं करू नकोस. पी."

"ओठाला झोंबतंय," तो म्हणाला. खोटं होतं ते. मला माहीत होतं आणि मला बरं वाटलं. तो नाही प्यायला.

दीड तास उलटला. डॉक्टरीण येऊन गेली, पुन्हा बुबुळं, पुन्हा बोट टाळूवर. झटका आला नव्हता. लंगोट उघडला तर मधोमध एक डाग होता, गडद पिवळा, तळहाताएवढा. ती म्हणाली, "हं." एवढंच म्हणाली, आणि सिरिंज पुन्हा सुरू करा म्हणाली. पाच. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून जाड झाली होती, दट्ट्या दाबता येत नव्हता. लल्लाला रेघा दिसत नव्हत्या. मी सिरिंज लोत्फीकडे धरली. त्याने हात पँटला पुसले, घेतली, आणि दट्ट्या एवढ्या हळू ढकलला की तो थांबलाय असं वाटत होतं. मी त्याच्या अंगठ्यावर डोळे रोखले होते. त्याला ते कळत होतं. पाचाच्या रेघेवर अंगठा थांबला आणि त्याने माझ्याकडे न बघता सिरिंज बाजूला ठेवली.

इल्यासने तोंड उघडलं, पुढे सरकला, काही मिळेना तेव्हा किंचाळला. हा आवाज मांजराचा नव्हता. मी त्याला गप्प करायला सुजलेलं बोट त्याच्या ओठांशी नेलं, नुसतं टेकवायला, आणि त्याने ते आत ओढून चावलं. खालचे दोन दात, महिन्याभरापूर्वी आलेले. सुजेवरच चावला, जीव खाऊन, माझ्या डोळ्यांकडे बघत. कळ कोपरापर्यंत गेली. लोत्फी उठला, त्याचा जबडा उघडायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "चावू दे त्याला."